तळाची चिठ्ठी

रविवार, १७ एप्रिल २०१६

शेजारचे ब्यॉयर्ले म्हणाले, घरी काडतुसं भरायची तर वही हवी. कुठल्या दिवशी काय भरलं, किती भरलं, सगळं लिहायचं. त्या वहीला लाडेबुख म्हणतात. मी दोनशे पानांची जाड वही आणली आणि पुढून लाडेबुख सुरू केलं. पण एका दिवसाचं काम चार ओळींत संपतं आणि कोरी पानं मला बघवत नाहीत, म्हणून मागून ही रोजनिशी. धम्मदीपाने वही उघडलीच तर पुढून उघडेल, आकडे बघेल आणि कंटाळून मिटून ठेवेल.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची शाळेतली सवय आहे. तर उज्ज्वल, वय एक्केचाळीस, जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनं तपासण्याचं काम. बायको धम्मदीपा, मुलगी यामिनी, वय सहा. तीन वर्षांपूर्वी ब्यॉयर्लेंनी गावातल्या नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, नेलं आणि मी अडकलो. वापरलेली पितळी काडतुसं पुन्हा भरायला सरकारी परवाना लागतो, एरलाउबनिस. त्यासाठी शनिवार-रविवार बसून कोर्स केला, परीक्षा दिली, पास झालो. "सकाळी पंचशील म्हणतोस आणि दुपारी बंदूक उडवतोस," असं धम्मदीपा म्हणते. मी म्हणतो, कागदावर उडवतो, कागद काही प्राणी नाही.

आई गेल्याला चार महिने झाले. बाबा पुण्याला एकटेच. बहीण सरला जवळ राहते म्हणून चाललंय. पुढच्या महिन्यात ते इकडे येतील, तीन महिन्यांसाठी.

शनिवार, ३० एप्रिल

आज डोकं फिरलं. काडतुसाच्या बुडाशी एक कॅप बसते, मसुरीच्या दाण्याएवढी. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. एवढंच काम, पण तिच्याशिवाय सगळं ठप्प. माझ्या नेहमीच्या कॅप्स दुकानात संपल्यात, कधी येतील माहीत नाही. दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीच्या पाचशे दिल्या. खोकं विटेएवढं! आत पाच ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये शंभर खाचा, प्रत्येक खाचेत एक कॅप कडेवर उभी. ट्रेवर कागदी आवरण इतकं घट्ट की ओढावं तर हलत नाही, आणि हललं की एकदम झटक्याने येतं. तीस-चाळीस कॅप्स केलरच्या, म्हणजे तळघराच्या, फरशीवर. मग गुडघ्यावर बसून, बॅटरी घेऊन, एकेक वेचायची. उरलेल्या ट्रेतल्या निम्म्या उलट्या.

हे पाकीट ज्याने डिझाइन केलं त्याला माझ्या टेस्ट बेंचवर आठ दिवस बसवायला हवं.

रविवार, ८ मे

बाबा आले. आईशिवायचे बाबा मी पहिल्यांदाच बघितले. विमानतळावर दोन माणसांची बॅग एकटे ओढत आले. आत निम्मी जागा लोणच्याने आणि चटण्यांनी भरलेली, सरलाची कृपा. धम्मदीपाने संध्याकाळपर्यंत सगळं बरण्यांत भरून, लेबलं लावून टाकलं. आमच्या घरात दुकानातली पुडी पुडीत राहत नाही.

बाबांचा उजवा कान लहानपणच्या कुठल्याशा तापात गेला. डावा अजून बरा आहे. आई काही नको ते बोलायला लागली की ते हळूच मान वळवून उजवा कान पुढे करायचे, आणि आई म्हणायची, "बघा, दार लावलं यांनी." आज जेवताना मी आईच्या औषधांचा विषय काढला तर त्यांनी तेच केलं. यावेळी कोणी हसलं नाही.

त्यांना केलर दाखवला. कपाट, प्रेस, वजनकाटा, सगळं. ते त्या खोक्याशीच थांबले. चौतीस वर्षं ते दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप विभागात होते. "पाकीट मला एकदा बघू दे," म्हणाले, "याची उघडायची काहीतरी रीत असणार." मी त्यांना हात लावू दिला नाही. परवाना माझ्या नावावर आहे, दुसऱ्याने हाताळलं आणि कळलं तर परवाना जाईल. "बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि हात मागे घेतले. पाठीमागे एकात एक धरले, म्युझियममध्ये धरतात तसे.

सोमवार, १६ मे

सणाची सुट्टी. पाऊस. बाबांनी दोन तास कॅप विभाग सांगितला. सुतीच कपडे घालायचे, पाय अनवाणी आणि ओले, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. खिशात नाणं नको. ट्रे लाकडी. "कॅपला कॅप भेटू द्यायची नाही," हे तीन वेळा. एक फुटली तर बोट जातं, शंभर एकत्र असल्या तर, एवढं म्हणून ते थांबले आणि चहा प्यायले. मग पेटी भरण्याची रीत. भरणाऱ्याने नगांची संख्या, तारीख आणि आपला टिकट नंबर, म्हणजे कामगार क्रमांक, चिठ्ठीवर लिहून ती अगदी तळाशी, शेवटच्या ट्रेखाली ठेवायची. पेटी रिकामी करणाऱ्याला ती सापडते. काही चुकलं असेल तर कोणाला विचारायचं ते त्याला कळतं.

"आणि चुकलं नसेल तर?" मी विचारलं.

"तर कोणी बघत नाही," बाबा म्हणाले.

मी अर्धवट ऐकत होतो, फोनवर दुसऱ्या दुकानात कॅप्स आल्यात का बघत होतो. आल्या नाहीत.

शनिवार, २८ मे

प्रश्न सुटला, आणि इतका सोपा होता की स्वतःचीच लाज वाटली. सकाळी पुन्हा ट्रे उधळला. पुन्हा गुडघ्यावर. वर आलो तर धम्मदीपा तुरीची डाळ बरणीत ओतत होती. मीही गुर्कनची, म्हणजे इथल्या काकडीच्या लोणच्याची, एक रिकामी काचेची बरणी घेतली, धुऊन कोरडी केली, खाली गेलो आणि पाचही ट्रे तिच्यात उपडे केले. पाचशेच्या पाचशे, अजून एकही वापरली नव्हती. झाकण लावलं. आता हवी तेव्हा चिमूटभर काढायची. रिकामे ट्रे आणि खोकं ठेवून दिलं, कधी तपासणीला कोणी आलंच तर दाखवायला.

कोर्समध्ये म्हातारे मास्तर म्हणाले होते, मूळ पाकिटातच ठेवायच्या. मास्तर बऱ्याच गोष्टी म्हणाले होते. या देशात सुरक्षिततेच्या नावाखाली अर्ध्या गोष्टी उगाच चालतात. मी इंजिनिअर आहे, धोका कुठे आहे ते मला कळतं.

बरणी दिसते मात्र छान. हलवली की चांदीच्या मसुरीसारखा आवाज.

शनिवार, ४ जून

धम्मदीपा सकाळीच मैत्रिणीबरोबर श्टुटगार्टला गेली. मी केलरमध्ये रमलो होतो तोच अकराला कामावरून फोन, बेंच बंद पडला, या. तसाच निघालो. कपाट लावलं होतं का, रस्त्यात आठवेना. लावलं असणारच, हाताला सवय आहे.

सहाला परत. कपाट बंद, किल्ली वरच्या खुंटीवर. उगाच दिवसभर डोक्याला ताप. केलरच्या फरशीवर ओला टॉवेल पडला होता. बाबा सुती पायजमा-बंडीत, अनवाणी. इथल्या थंडीत! "पाय धुतले," म्हणाले. त्यांना केलरमध्ये पाय का धुवावे वाटले देव जाणे. फार दमलेले दिसले, बोटं सारखी चोळत होते.

जेवताना मला म्हणाले, "लहान मुलांचा डॉक्टर शनिवारी असतो का रे इथे?"

"का? हिला बरं नाही का?"

"नाही, सहज."

यामिनी आज गुणी बाळ. वरण-भात न कुरकुरता संपवला, आजोबांच्या मांडीवरून उठली नाही. चार वेळा चूळ भरली म्हणे, आजोबांनी खेळ शिकवला. मी म्हटलं, असे खेळ रोज शिकवा.

सोमवार, ६ जून

यामिनीला केलरमधून तिची स्लेज वर आणायची होती, जूनमध्ये, कारण तिच्या बाहुलीला बर्फात जायचंय. म्हटलं, चल आणू. आली नाही. दाराशीच थांबून "नाइन, दा गे इश निश्ट राइन" म्हणाली. मी आत जाणार नाही. कोळी दिसला असेल.

गुरुवार, ९ जून



संध्याकाळी कॅप्स काढायला कपाट उघडलं तर बरणी नाही. खोकं जागेवर, आणि खोक्यात पाचही ट्रे भरलेले. एकेक खाच. सगळ्या कॅप्सची तोंडं एकाच बाजूला. शेवटच्या ट्रेमध्ये तीन खाचा रिकाम्या.

मी तसाच वर गेलो. बाबा खिडकीशी बसून यामिनीची पेन्सिल तासत होते. विचारलं, तुम्ही हात लावलात का? हो म्हणाले. का? "बरणीत बऱ्या नव्हत्या." मग मी जे बोललो ते सगळं लिहितो, कारण नाही लिहिलं तर उद्या मी ते स्वतःशी सौम्य करून घेईन. मी म्हणालो, माझा परवाना जाईल, नोकरीवरसुद्धा येऊ शकतं. म्हणालो, तुमच्या घामाच्या हातांनी सगळा माल खराब झाला असणार. तीन कॅप्स कुठे आहेत, तीन? ज्याला मोजता येत नाही त्याने हात कशाला लावायचा? आणि म्हणालो, तिथे चौतीस वर्षं तुम्ही फक्त पाकिटं भरलीत, त्यावरून तुम्हाला सगळं कळतं असं समजू नका. हे मी ओरडून म्हणालो. यामिनी कोपऱ्यात रडायला लागली. धम्मदीपा दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

बाबा डावा कान माझ्याकडे करून ऐकत होते. एकदाही मान वळवली नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "पुन्हा बरणीत घालू नकोस. एवढं ऐक." आणि यामिनीला उचलून बाल्कनीत घेऊन गेले.

त्या पाकिटं भरण्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. हे मला बोलताना माहीत होतं. तरी बोललो.

रविवार, १२ जून

बाबांना लवकर परत जायचंय. पुण्याच्या घरात नळाचं काम काढायचंय म्हणे. मी म्हटलं, सरला बघेल ना. तर म्हणाले, तिला नळातलं कळत नाही. धम्मदीपा मला आत बोलावून म्हणाली, "उज्ज्वल, माफी माग." मी म्हटलं, चूक त्यांची आहे, परवानगी नसताना हात लावला. "चूक कोणाची ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.

मी तिकीट बदललं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

शनिवार, १८ जून

बाबांना सोडलं. यामिनी त्यांच्या गळ्यात पडून सोडेना. मग त्यांनी तिच्या कानात काही सांगितलं आणि दोघांनी ओठांवर बोट ठेवलं. चॉकलेटचं काहीतरी गुपित. मला बाबा म्हणाले, "जय भीम. गाडी हळू चालव." मी पाया पडलो. माफीचे शब्द तोंडापर्यंत आले होते, पण मागे रांग होती, आणि मी रांगेचं निमित्त घेतलं.

रविवार, २ ऑक्टोबर

फेराइनमध्ये मोसम सुरू. नेहमीच्या कॅप्स अजून मिळत नाहीत. शेवटी बाबांनी भरलेलं खोकं काढलं. खराब झाल्या असतील असं धरून वीस भरल्या, वीसच्या वीस चालल्या. आणखी एक गंमत. खोक्यात वर एक पुठ्ठ्याची पट्टी ठेवलेली होती, यामिनीच्या म्यूसलीच्या खोक्यातून कापलेली. जूनमध्ये मी ती कचरा समजलो होतो. आज कळलं, ती आवरणाच्या आत सरकवली की ट्रे न झटकता बाहेर येतो. एक कॅप पडली नाही. एवढ्याशा पट्टीसाठी मी महिनाभर फरशीवर रांगत होतो.

बाबांना सांगायला व्हिडिओ कॉल केला. त्यांना कितीही सांगा, ते फोन कानालाच लावतात, त्यामुळे मला बोलणं संपेपर्यंत त्यांचा डावा कान दिसतो, पाळीवरच्या तिळासकट. पट्टीचं सांगायचं राहिलं. नळाचं विचारलं. झालं म्हणाले.

शनिवार, ४ मार्च २०१७

आज शेवटचा ट्रे संपला. चारशे सत्त्याण्णवपैकी एकही कॅप फुकट गेली नाही. रिकामं खोकं फेकायला घेतलं आणि तळाशी, ट्रेखाली, घडी केलेला कागद दिसला. यामिनीच्या चौकटीच्या वहीचा. बाबांचं अक्षर. जसंच्या तसं उतरवतो.

"एकूण नग ५००. बरणीतून काढून ट्रेमध्ये भरले ४९७. मुलीच्या मुठीत २. तोंडातून १. हे तिन्ही नग तेलात टाकून डबीत, कपाटावर. वापरू नयेत. बरणी फोडून टाकली. दि. ४-६-१६. वेळ ११.२० ते ४.४५. पॅकर : राजानंद, टि. नं. ४१७."

मी स्टुलावर चढलो. कपाटावर मागे, भिंतीला लागून, पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी. आत घट्ट झालेलं तेल आणि तीन कॅप्स.

डबी बंद करून हातात घेतली. मग खाली बसलो. कपाट मी उघडं टाकून गेलो होतो. दुसरं काही असूच शकत नाही. नऊ महिने मी बाबांना मोजता येत नाही असं समजत होतो.

यामिनी वर चित्र काढत होती. शेजारी बसून विचारलं, बरणीचं आठवतं का? "इश हाब्स आजोबा फेरश्प्रोखन," म्हणाली. आजोबांना वचन दिलंय. मी म्हटलं, आजोबांनी मला चिठ्ठी लिहिलीये, आता चालेल. मग हळूहळू सगळं आलं. कपाट उघडं होतं. बरणी हलवली की छान आवाज यायचा. तिने ती डोक्यावर धरून नाच केला. आजोबा आले, ओरडले नाहीत, म्हणाले, हळूच दे, बाळा, अंड्यासारखी दे. मग त्यांनी तिला वरच्या पायरीवर बसवलं, उठायचं नाही, आणि ते एकेक दाणा चिमट्याने उचलत बसले. फार वेळ. तिला मध्ये भूक लागली तर पायरीवर केळं दिलं.

"मला का नाही सांगितलं?"

तिने खांदे उडवले. "आजोबा म्हणाले, पापा कान दान नी मेअर श्लाफन." पप्पाला मग कधीच झोप लागणार नाही.

धम्मदीपाला चिठ्ठी दाखवली. तिने ती दोनदा वाचली, मग यामिनीच्या खोलीत जाऊन तिच्याशेजारी आडवी झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला तुला काय बोलायचंय ते मी नंतर बोलेन. आधी बाबांना फोन कर."

उरलेली दारू ब्यॉयर्लेंना देणार, त्यांचा परवाना आहे. माझा मी परत करणार. ते विचारतील, का? खरं ते सांगणार.

रविवार, ५ मार्च

सकाळी फोन केला. पुण्यात दुपार. सरलाने उचलला, म्हणाली, "दादा, बाबा मजेत आहेत, नवीन मशीन लावलंय कानाला, टीव्हीचा आवाज पार कमी झालाय. देते हं." मग नेहमीसारखा पडदा हलला आणि डावा कान आला, तीळ आणि छोटंसं यंत्र.

"बोल रे."

"बाबा, खोकं काल संपलं. तळाची चिठ्ठी मिळाली."

मी चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली, पण समोर कानच होता.

"बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो..."

पडदा हलला. छत दिसलं, पंखा दिसला, भिंतीवरचा आईचा फोटो दिसला, आणि मग पुन्हा कान. पाळीवर तीळ नाही. यंत्र नाही. हा उजवा होता.

मला कळलं, तरी मी थांबलो नाही. सगळं बोललो. पाकिटं भरलीत म्हणालो ते, तीन कॅप्सचं, कपाटाचं, विमानतळावरच्या रांगेचं. माझं चुकलं, बाबा, हे किती वेळा म्हणालो ते मोजलं नाही. रडलोही. तो कान जरासुद्धा हलला नाही, आणि फोनही त्यांनी खाली ठेवला नाही.

माझं बोलणं संपलं. मग पुन्हा छत, पंखा, आणि तिळाचा कान.

"मधे आवाज येत नव्हता रे," बाबा म्हणाले. "यामिनी जेवली का?"

"जेवली," मी म्हणालो.